देखीसन मातेचं देऊळ

फोन आला तेव्हा मी वर्गात होते. नववीचा वर्ग, मराठीचा तास, आणि आमच्या शाळेचा नियम असा की शिक्षकांनीही फोन ऑफिसात ठेवायचा. शिपाई दारात येऊन उभा राहिला. हातानंच 'चला' म्हणाला. फोनवर मामा होते. "नंदा, घर ये," एवढंच म्हणाले. "काय व्हयनं, मामा?" मी विचारलं. ते म्हणाले, "आपला लोकेश..." ते वाक्य त्यांनी आजपर्यंत पूर्ण केलेलं नाही. मी लोणखेड्याहून स्कूटी काढली आणि सारंगखेड्याच्या रस्त्याला लागले. दोन्ही बाजूंना पपईच्या बागा, पुढे उसाचा ट्रॅक्टर, त्याला ओलांडता येईना. त्या रस्त्यावर मी कसला विचार करत होते? खोटं कशाला बोलू, मी मामींच्या दारापुढच्या डुगडुगत्या फरशीचा विचार करत होते. ती बसवायची राहिली, ती आता कोण बसवणार, एवढंच डोक्यात फिरत होतं. माणसाच्या मनाचं काही सांगता येत नाही.

मेजर लोकेश माझा मामेभाऊ. माझे वडील फिरतीच्या नोकरीत, म्हणून माझी सगळी शाळा मामांच्या घरीच झाली. तो जन्मला तेव्हा मी तिसरीत होते, आणि घरात भाऊ आला म्हणून नाही तर माझं लाडाचं राज्य गेलं म्हणून रडले होते. पुढे त्याला कडेवर घेऊन गावभर मीच फिरवलं. वजनदार प्राणी होता. सीमेवरच्या डोंगरात, अतिरेक्यांशी झालेल्या चकमकीत तो गेला, हे तुम्ही सगळ्यांनी वाचलंच आहे. तिरंगा, बंदुकांची सलामी, 'अमर रहे'च्या घोषणा, सगळं रीतसर झालं. चौकात फलकही लागले. काही फलकांवर त्याच्यापेक्षा श्रद्धांजली वाहणाऱ्यांचे फोटो मोठे होते, तेही मी बघितलं. ज्या मुलाला पाल दिसली की तो खाटेवर चढायचा, त्याच्या नावापुढे 'सिंह' लिहिलेलं वाचून मला त्या गर्दीत हसू आलं. त्यालाही आलं असतं. पण मला आज तो फलकांवरचा लोकेश सांगायचा नाही, एका शब्दाची गोष्ट सांगायची आहे.

आधी ती फरशी. मामांच्या घरासमोरून गटार जाते, आणि अंगणातून रस्त्यावर यायला तिच्यावर एक शहाबादी फरशी टाकलेली आहे. ती कुणी आणि कधी टाकली ते मामांनाही आठवत नाही, पण ती पहिल्यापासून एका कोपऱ्यात हलते. नवखा माणूस तिच्यावर पाय ठेवतो, फरशी 'डुग' करते, आणि माणूस हात पसरून नाचल्यासारखा करतो. म्हणून मामींनी सवय लावून घेतली. घरातून कुणीही बाहेर निघालं की त्या ओट्यावर येऊन उभ्या राहायच्या आणि ओरडायच्या, "देखीसन!" म्हणजे देखीसन जाजो, बघून जा. आमच्या अहिराणीत 'करून'चं 'करीसन' होतं, 'जाऊन'चं 'जाईसन', तसं 'बघून'चं 'देखीसन'. फरशीपुरता सुरू झालेला शब्द पुढे मामींच्या तोंडी सगळ्यालाच बसला. शेतात निघालेल्या मामांना देखीसन, कारण काळ्या जमिनीला उन्हाळ्यात पाय अडकेल एवढ्या भेगा पडतात. परीक्षेला निघालेल्या मला देखीसन. एकदा मतदार यादीचं काम करायला आलेल्या साहेबांना आणि एकदा गोठ्यातून सुटलेल्या म्हशीलाही त्या तेच ओरडल्या होत्या. न ऐकणाऱ्याच्या मागे चप्पल यायची. साहेब वाचले, म्हैस वाचली नाही.

लोकेश चौथी-पाचवीत असेल, तेव्हाची सारंगखेड्याची घोड्यांची जत्रा मला आठवते. एवढी उमदी जनावरं, त्यांचे नखरे, व्यापाऱ्यांची गर्दी, आणि आमचं हे कार्टं माझा हात सोडून एका उंच पांढऱ्या घोड्याच्या पोटाखालून पलीकडे निघालेलं. मी त्याच्या मागे धावले. मामी लांब, बांगड्यांच्या दुकानाशी होत्या. तिथून त्यांनी अशी काही आरोळी ठोकली, "देखीसन रे पोऱ्या!" की लोकेश थांबला, मी थांबले, बांगड्या भरणारी बाई थांबली, आणि तो घोडासुद्धा उचललेला पाय तसाच धरून उभा राहिला. घोड्याचा मालक मामींना म्हणाला, "बाई, मन्हं घोडं मन्हं ऐकत नही, तुन्हं कसं ऐकनं?" परतताना बसमध्ये लोकेशच्या गालावर चार बोटं उमटलेली होती आणि तो मला हळूच सांगत होता की घोड्याचं पोट खालून गरम लागतं. भीती नावाची गोष्ट त्याला कळत होती, फक्त ती त्याला नंतर, सावकाश कळायची.

मी मराठीची शिक्षिका झाले आणि त्याची बोली सुधारायचा विडा उचलला. मुलाखतीत काय बोलशील रे, म्हणून त्याला समोर बसवून शुद्ध बोलायला लावायचे. 'देखीसन नाही, बघून म्हण.' तो सगळं निमूट ऐकायचा आणि शेवटी म्हणायचा, "ताई, तुन्हा 'बघून' मझार जोर नही शे. बघून म्हटलं की माणूस बघतो. देखीसन म्हटलं की थांबतो." माझी बी. एड. तिथे संपायची. पहिल्या खेपेला सैन्याच्या मुलाखतीत त्याची निवड झाली नाही. तो शहाद्याच्या स्टँडवर उतरला तेव्हा आम्हाला वाटलं आता हा तोंड पाडून बसणार, तर हा शेवभाजी मागवून दोन माणसांचं जेवला आणि म्हणाला, पुढच्या वेळी इंग्रजी थोडं कमी बोलेन. पुढच्या वेळी झाली निवड. प्रशिक्षणातून फोन करायचा तेव्हा म्हणायचा, "ताई, दमलो की इंग्रजी जाते, घाबरलो की हिंदी जाते, आणि अगदी गळ्याशी आलं की तुझी मराठीही जाते. अहिराणी तेवढी राहते."

त्याला दुसऱ्याची भाषा उचलायची खोडच होती. सुट्टीवर आला की पपई तोडायला धडगावकडून आलेल्या पावरा आदिवासी बायकांजवळ बांधावर जाऊन बसायचा आणि झाडाला काय म्हणता, पावसाला काय म्हणता, विचारत राहायचा. त्या हसून हसून बेजार. नंतर जवानांकडून उचललेले शब्द तो आम्हाला ऐकवायचा, गढवाली, डोगरी, तमिळ, आणि सगळे मामींची ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी ठेच्याबरोबर खाता खाता. "याचं पोट भरेल पण तोंड भरणार नाही," असं मामा म्हणायचे. दर सुट्टीच्या पहिल्या दिवशी तो फरशीवर उभा राहून ती दोन्ही पायांनी डुगडुगवायचा आणि जाहीर करायचा, "या खेपेला बसवतोच." शेवटच्या दिवशी बॅग खांद्याला लावून तिच्यावरूनच जायचा, आणि ओट्यावरून आवाज यायचा. मागे वळून बघायचा नाही. हात मात्र वर करायचा, म्हणजे ऐकलं, माय.

आता जे सांगायचं ते सांगते. दहाव्याच्या दिवशी पाहुणे पांगले आणि मामी मला मागच्या दाराशी घेऊन बसल्या. तोवर त्या रडल्या होत्या, पण बोलल्या नव्हत्या. म्हणाल्या, "फोन कटी गया वं, नंदा." मला आधी कळेना. मग हळूहळू कळलं. लोकेश गेला त्याच्या आदल्या दिवशी त्याचा फोन आला होता. पपईवर कसला रोग पडलाय, मामांचा गुडघा कसा आहे, असलंच बोलणं. तिकडे रेंज येते-जाते. बोलता बोलता फोन तुटला. मामींनी परत लावला, लागेना. फोन ठेवण्याआधी त्या दर वेळी जे म्हणायच्या, ते म्हणायचं राहिलं. "सांगानं ऱ्हाई गयं वं... सांगानंच ऱ्हाई गयं. देखं नसतीन त्यानी." मी त्यांना सगळं समजावलं. युद्ध असतं, गोळी असते, एका शब्दानं काय होतं मामी, असं म्हणाले. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की जन्मभर मराठी शिकवणाऱ्या बाईनं 'एका शब्दानं काय होतं' म्हणावं याची मलाच लाज वाटली.

त्या दिवसापासून त्यांनी तो शब्द टाकला. मी दर रविवारी जायचे. निघताना फरशीपर्यंत यायचे, मुद्दाम थांबायचे, चप्पल नीट करायचे. मामी ओट्यावर बसलेल्या असायच्या, माझ्याकडे बघत असायच्या, आणि ओठ मिटलेले असायचे. जो शब्द ज्याला लागणार होता त्याला मिळाला नाही, तो आता दुसऱ्याला कशाला, असं काहीसं त्यांच्या मनानं घेतलं असावं. मामा शेतात जायचे ते मान खाली घालून. घराला कुलूप लागल्यासारखं झालं होतं, आणि आत तर दोघंही होती. मला भीती वाटायला लागली की लोकेशबरोबर आम्ही मामींनाही घालवून बसतो की काय.

अशाच एका रविवारी, सकाळची न्याहारी आवरून आम्ही बसलो होतो. रस्त्यावर रिक्षा थांबली. एक पन्नाशीला टेकलेला माणूस उतरला, साध्या कपड्यांत, पण बुटांना अशी चकाकी की फौजी हे लांबूनच कळावं. हातात पिशवी. लोकेशचं घर हेच ना, असं रिक्षावाल्याला विचारून तो ताठ चालत आला आणि त्यानं नेमका त्या हलत्या कोपऱ्यावर पाय ठेवला. मामींनी एरवी त्याला पाच पावलं आधीच सावध केलं असतं. त्या गप्प होत्या. फरशी 'डुग' झाली, माणूस तिरपा झाला, पिशवीतला नारळ गडगडत अंगणात आला, आणि तोल सावरता सावरता त्या माणसाच्या तोंडून निघालं, "जय देखीसन माता!"

मामी उठून उभ्या राहिल्या. "काय बोलना हाऊ?" त्यांनी मला विचारलं. मीही तेच ऐकलं होतं.

ते सुभेदार होते, गढवालकडचे, लोकेशच्या हाताखालचे. घरी सुट्टीवर निघाले होते, वाट वाकडी करून नंदुरबारला उतरले होते. मामांनी त्यांना खाटेवर बसवलं, मी पाणी दिलं. घोटभर पाणी पिऊन त्यांनी पिशवीतून लाल चुनरी काढली, अंगणातला नारळ उचलून पुसला आणि हात जोडून विचारलं, "माताजी, पहले मंदिर हो आऊँ? जवानों ने चढ़ावा भेजा है. देखीसन माता का मंदिर किधर पड़ेगा?" आम्ही तिघं एकमेकांकडे बघायला लागलो. मामा म्हणाले, असं देऊळ आमच्याकडे नाही. सुभेदारांचा विश्वास बसेना. त्यांनी सांगितलं की मेजरसाब गस्तीला निघताना रांगेसमोर उभे राहत, एकेकाकडे बघत आणि फक्त एक नाव घेत, देखीसन. मग सगळे निघत. जवानांनी ओळखलं, ही साहेबांची कुलदेवी. चौकीबाहेर पायवाट सुरू होते तिथे त्यांनी एक दगड मांडला, त्याला शेंदूर लावला, रिकाम्या डब्याची घंटा टांगली. आता जो बाहेर निघतो तो घंटा वाजवून देखीसन म्हणतो आणि मगच पुढे पाऊल टाकतो. "हमने साब से पूछा भी था, कैसी देवी हैं. साब बहुत हँसे. बोले, बहुत कड़क देवी है, सुभेदार साब. बात न मानो तो चप्पल फेंकती है. मंदिर पूछा तो बोले, नदी के पास, पपीते के बाग से लगकर. अंदर नहीं बैठती, चौखट पर ही खड़ी रहती है."

व्याकरणातलं एक साधं रूप, ज्यावर मी वर्गात फार तर अर्धा तास घालवला असता, ते तिकडे बर्फात शेंदूर लावून बसलं होतं! आधी मला हसू फुटलं, मग मामांना, आणि मग मामी... तोंडाला पदर लावून त्या अशा हसल्या की त्यांचे खांदे हलायला लागले. एवढ्या आठवड्यांनी त्या घरात कुणी हसत होतं. मी सुभेदारांना शब्दाचा अर्थ सांगितला. त्यांनी माझ्याकडे, मग फरशीकडे, मग मामींकडे पाहिलं. उठले, चुनरी दोन्ही हातांवर घेऊन मामींच्या समोर गेले आणि म्हणाले, "फिर तो हम ठीक जगह आए हैं." मामी मागे सरकल्या. "माले काय देवी करी ऱ्हायनात तुम्ही? बठा, चहा थंडा व्हई ऱ्हायना." पण चुनरी त्यांनी खांद्यावर राहू दिली.

मग त्यांनी विचारलं. मला माहीत होतं त्या विचारणार. चहाची कपबशी खाली ठेवली आणि म्हणाल्या, "त्या दिन... त्या दिन बोलना व्हता का तो?" मी हिंदीत सांगायला लागले, पण सुभेदारांना प्रश्न कळला होता. "बोले थे, माताजी. उस दिन भी बोले थे. सबको बोले थे." नंतर त्यांनी थोडक्यात सांगितलं, आणि मीही थोडक्यातच लिहिते. एक जवान पायात गोळी लागून उघड्यावर पडला होता. बाकीचे त्याच्याकडे धावणार, तेवढ्यात लोकेशनं हात आडवा केला. गोळ्या कुठून येत आहेत ते नीट पाहिलं. कुणी कुठे थांबायचं, कुणी कुठून झाकायचं ते सांगितलं. परत एकदा पाहिलं, आणि मग स्वतः गेला. त्या पोराला दगडाआड ओढून आणलं. ते पोर वाचलं. लोकेशला गोळी लागली ती त्याला आत ढकलताना. "माताजी, साब बिना देखे नहीं गए," सुभेदार म्हणाले. "सब देखकर गए."

या वाक्याचं भाषांतर करायची मला गरज पडली नाही. मामी त्यांच्याकडे बघत होत्या. म्हणाल्या, "देखीसन गया?"

"जी, माताजी. देखीसन."

मामी खूप रडल्या. मीही रडले, मामाही. पण दहाव्याला पाहिलेलं रडणं वेगळं होतं आणि हे वेगळं होतं. या रडण्याच्या शेवटी त्यांना भूक लागली. त्यांनी उठून कळण्याच्या भाकरी थापल्या, वांग्याचं भरीत केलं, आणि सुभेदारांना ठेचा वाढताना म्हणाल्या, "देखीसन खाज्यात, तिखं शे."

जेवण झाल्यावर सुभेदार अंगणात गेले, वाकून फरशी बघितली आणि मामांना म्हणाले, थोडं सिमेंट आणवा, जायच्या आधी बसवून देतो. मामा लगेच निघाले होते. मामींनी अडवलं. "हलू द्या तिले. नही ते लोके खाले देखतीन कसाले?" फरशी तशीच राहिली. नारळ मामांनी तिच्यावरच फोडला आणि गल्लीत सगळ्यांना खोबरं वाटलं. संध्याकाळची गाडी होती. सुभेदार बॅग उचलून निघाले, फरशीपाशी आले, आणि मी ओट्याकडे पाहिलं. ओट्यावरून आवाज आला, घसा बसलेला, पण तोच. "देखीसन जाजो, भाऊ!" त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. हात वर केला. ही सवय त्यांना कुणाकडून लागली ते विचारायचं कारण नव्हतं.

आता मामी बऱ्या आहेत. दुःख गेलेलं नाही, ते कुठे जाणार? पण घर उघडं आहे. रविवारी त्या वाचलेल्या जवानाचा फोन येतो. तो बिहारकडचा, विशीतला पोरगा, पायावर शस्त्रक्रिया झाल्या, आता दवाखान्याच्या लांबलचक व्हरांड्यात काठी घेऊन चालायला शिकतो आहे. फोन खिशात चालूच ठेवतो. मामींना त्याची हिंदी अर्धी कळते, त्याला त्यांची अहिराणी तेवढीही कळत नाही. मामी कानाला फोन लावून त्याच्या काठीचा आवाज ऐकत बसतात. आवाज जरा घाईचा झाला की रागावतात. परवा तर म्हणाल्या, चप्पल फेकीन. तेवढं त्यानं बरोबर समजून घेतलं म्हणे.

गेल्या रविवारी मी निघाले तेव्हा तो फोन चालू होता, म्हणून मी नुसता हात केला आणि अंगण ओलांडलं. फरशीवर पाय ठेवणार तोच मागून खणखणीत आवाज आला, "देखीसन!" मला होता की त्या पोराला, कळलं नाही. मी हात वर केला, खाली बघितलं आणि मग पाऊल टाकलं.